गाडीवाल्याला विचारा : उटीची गाडी मागून ढकलतात

गेल्या अंकात शेवटी सहज एक ओळ लिहिली, दक्षिणेतल्या थंड हवेच्या ठिकाणांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा म्हणून. या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं उटीचीच निघाली. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी कुडाळचा. चोवीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवली, आता गुडघ्यांनी क्लच सोडवला. हॉटेलांची नावं मला विचारू नका. रस्त्याचं, रुळाचं आणि वाटेत काय खावं याचं विचारा.

प्रश्न : काका, आम्ही दोघं निवृत्त आणि सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन चार दिवस उटी करायचा विचार आहे. सहलवाल्याने दिलेल्या कागदावर सतरा ‘पॉइंट’ आहेत. त्यातले कुठले ठेवू? आणि कोकण रेल्वेने जाणं जमेल का? — एक वाचक, पावस

ताई, पॉइंटांचं नंतर. आधी दिवाळीचं बोलू.

आपल्याकडे नवरात्र आटोपलं की पाऊस गेला असं आपण धरतो. निलगिरीत तसं नाही. तिथे पावसाचे दोन फेरे. एक आपला नैर्ऋत्येचा, आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागराकडून येणारा ईशान्येचा. हा दुसरा नेमका डोंगराच्या पूर्व अंगाला धडकतो, आणि मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढणारा रस्ता आणि रूळ त्याच अंगाला आहेत. दरड आली की पहिली बंद होते ती डोंगरातली छोटी गाडी. एका दिवाळीत राजापूरची चौदा माणसं घेऊन मी मेट्टुपालयम स्टेशनवर पहाटे सहाला उभा. तिकिटं हातात, पोरांच्या कानटोप्या चढवलेल्या, आणि फलाटावर पाटी, गाडी रद्द. पैसे परत मिळाले, पण पोरांची तोंडं जी उतरली ती उटी येईपर्यंत वर आली नाहीत. म्हणून सांगतो, नातवंडांना गाडीत बसवायचं असेल तर नाताळची सुट्टी पाहा, नाहीतर सरळ मार्च-एप्रिल. मे महिना चांगला, फुलांचं प्रदर्शनही तेव्हाच असतं, पण मग फुलांपेक्षा माणसांचीच डोकी जास्त दिसतील याची तयारी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा शून्याच्या आसपास जातो, पहाटे गवतावर हिम पडतं. आपल्याकडच्या शालीचं तिथे काही चालत नाही. स्वेटर, पायमोजे, कानटोपी हवीच.

आता रेल्वे. उटीपर्यंत थेट काही नाही, पण वाट सोपी आहे. रत्नागिरीला संध्याकाळच्या नेत्रावतीत चढायचं, दुसऱ्या दिवशी शोरनूरला उतरायचं. तिथून पालघाटमार्गे कोइमतूरच्या गाड्या भरपूर. या पट्ट्यात खिडकीला बसा. आपल्या मागे उभी असलेली सह्याद्रीची भिंत इथे तुटते. तीस-चाळीस किलोमीटर रुंद खिंड, गाडी घाट न चढता सरळ पलीकडे तमिळनाडूत जाते. आंबा आणि फोंडा घाटात आयुष्य घातलेल्या माणसाला ते बघून जरा फसवल्यासारखंच वाटतं. कोइमतूरहून मेट्टुपालयम पस्तीस-एक किलोमीटर. तिथे रात्री मुक्काम करा. सासूबाईंना झोप मिळेल आणि सकाळी सात-दहाची डोंगरगाडी धावपळीशिवाय गाठता येईल. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा वेळ तिकीट काढताना पाहा, माझ्या भरवशावर राहू नका.

सासूबाईंसाठी एवढंच की उटी साधारण २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे उटीच्या एसटी स्टँडवर उभा असलेला माणूस महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराच्याही सहाशे मीटर वर असतो. दम लागण्याचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पहिल्या दिवशी त्यांना चढ चालायला लावू नका. जेवणाची काळजी नको. सकाळी कुठेही पोंगल मिळतं, म्हणजे तांदूळ आणि मूगडाळीची तुपातली मऊ खिचडीच. दात नसलेल्यांचं दैवत.

आता ते सतरा पॉइंट. कागद मी पाहिलेला नाही, पण असे कागद शेकड्यांनी पाहिलेत. तळ्यातली बोट पहिली कापा. ते तळं कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन याने १८२४ च्या सुमारास बांध घालून केलेलं. दिसायला बरं आहे. पण दारात पूर्णगडची खाडी असलेल्या माणसाने पाय मारायच्या बोटीसाठी रांगेत तास घालवावा, हे मला चोवीस वर्षांत पटलं नाही. मेणाचे पुतळे, आरशांची घरं, ‘इथे अमक्या सिनेमाचं शूटिंग झालं’ असली मैदानं, सगळं कापा.

ठेवायचं ते बोटॅनिकल गार्डन, आणि तेही अर्धा दिवस. १८४८ मध्ये मॅकआयव्हर नावाच्या माळ्याने हे उभं करायला घेतलं. पंचावन्न एकर उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जातं. बहुतेक लोक खालच्या फुलांच्या नकाशापाशी फोटो काढून परत फिरतात. तुम्ही हळूहळू वर जा. मध्ये झाडाचा दगड झालेला एक ओंडका आहे, वीस दशलक्ष वर्षांपूर्वीचा. नातवंडांना त्याला हात लावावासा वाटेल, कुंपण आहे. अगदी वर तोडा लोकांची वस्ती आहे, तिला ते ‘मंड’ म्हणतात. तोडा म्हणजे या डोंगराचे जुने रहिवासी, म्हशी पाळणारे. त्यांचं पारंपरिक घर अर्ध्या कापलेल्या पिंपासारखं, बांबू आणि वेताचं, आणि दार इतकं ठेंगणं की माणूस रांगतच आत जातो. तिथल्या बायका पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळ्या दोऱ्याने भरतकाम करतात. कापडावर काही आखून न घेता, सुताचे धागे मोजत सुई जाते. लांबून ते भरलेलं वाटतच नाही, विणलेलं वाटतं. २०१३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शाल घ्यायची तर तिथूनच घ्या. घासाघीस करू नका, आणि फोटो विचारून काढा, ती राहती घरं आहेत.

दोड्डबेट्टा, २,६३७ मीटर, निलगिरीतलं सर्वांत उंच शिखर. सकाळी लवकर जायचं, दहानंतर ढग येतात आणि मग कोटाच्या गुंड्या मोजत बसायचं. बस. एक दिवस कुन्नूर, त्याचं पुढे लिहितो. बाकीचा वेळ उटीच्या बाजारात रिकामं फिरा. सतरातले चार राहिले, आणि चारच दिवस आहेत.

प्रश्न : डोंगरगाडीचं पूर्ण तिकीट मिळत नाही. कुन्नूर ते उटी एवढ्याच भागात बसलं तर चालेल का? आणि ती गाडी मागून ढकलतात म्हणतात ते खरं का? — इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, चिपळूण

खरं आहे, आणि म्हणूनच कुन्नूर-उटी एवढ्यावर समाधान मानू नकोस.

मेट्टुपालयम ते उटी शेहेचाळीस किलोमीटर. खालचं स्टेशन सव्वातीनशे मीटरवर, वरचं बावीसशेवर. पहिले सात-आठ किलोमीटर, कल्लारपर्यंत, सपाटी आहे. दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, क्षणभर वाटावं मुरुडलाच आलो. कल्लारनंतर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते. इंजिनाखालची दातेरी चाकं त्या पट्टीत अडकतात आणि गाडी अक्षरशः जिना चढावा तशी चढते. चढ साधारण बारा मीटरला एक मीटर. तुलनेला आपली कोकण रेल्वे घे, तिथे दीडशे मीटरला एक मीटरपेक्षा जास्त चढ ठेवलेला नाही, त्यासाठीच तर एवढे बोगदे पाडले.

एवढ्या चढावर इंजिन पुढे लावलं आणि मध्येच साखळी तुटली तर डबे उलटे खाली. म्हणून इंजिन खालच्या अंगाला, डब्यांच्या मागे. पुढच्या डब्याच्या बाहेर एक माणूस झेंडी घेऊन उभा असतो, आणि प्रत्येक डब्यावर ब्रेक सांभाळणारा वेगळा. मागच्या इंजिनवाल्याला पुढचं काही दिसत नाही, झेंडीवर सगळा कारभार. मी ड्रायव्हर माणूस, मला पहिल्यांदा ते पाहून घामच फुटला. समोर काय आहे ते न बघता चढण चढायची!

ही इंजिनं मूळ स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची, एक्स वर्गातली. चार सिलिंडर, दोन नेहमीच्या चाकांना, दोन दातेरी चाकांना. घाटात वेग तासाला तेरा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सायकलवाला आरामात मागे टाकेल. दोनशे आठ वळणं, सोळा बोगदे, अडीचशे पूल. १८९९ ला कुन्नूरपर्यंत गाडी आली, १९०८ ला उटीपर्यंत. २००५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतली.

आता मुद्दा असा की दातेरी पट्टी फक्त कल्लार ते कुन्नूर आहे. कुन्नूरच्या वर डिझेल इंजिन लागतं आणि गाडी साधी होते. केट्टीची दरी सुंदर दिसते, लव्हडेल गोड आहे, पण तू इंजिनीअरिंगवाला. तुला पट्टी बघायची असणार. वर जाताना तिकीट नाही मिळालं तर उतरतानाचं पाहा. दुपारी दोनला उटीहून निघते. चढायला पावणेपाच तास लागतात, उतरायला साडेतीनच्या आसपास, आणि उतरताना ब्रेकचा खेळ जास्त कळतो. हिलग्रोव्हला गाडी पाण्यासाठी थांबते. खाली उतरून चाकांमध्ये वाकून बघ, काळी ग्रीस लागलेले दाते दिसतील. हातात वडा धरून वाकू नकोस. तिथली माकडं वाघजाईच्या माकडांपेक्षा चलाख आहेत.

प्रश्न : स्वतःच्या गाडीने जाणार आहोत. मसिनगुडीकडून छत्तीस वळणांचा घाट आहे तो घ्यावा का? — गुहागर

चढायला घ्या, घाटाची सवय असेल तरच. उतरायला नाही. बाहेरच्या गाड्यांना तिथून खाली सोडतही नाहीत, आणि त्याला कारण आहे.

बंदी नव्हती त्या काळात मी एकदा तिथून उतरलो. कल्हट्टीचा घाट. प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी असते. वरून दुसऱ्यात उतरत होतो, पण गाडीत बारा माणसं आणि टपावर सामान, त्यामुळे पाय सारखा ब्रेकवर. निम्मी वळणं झाली आणि वास आला. ड्रायव्हरला तो वास झोपेतही ओळखू येतो, जळक्या नारळाच्या शेंडीसारखा. पुढच्या वळणावर पेडल मऊ लागलं. पहिल्या गिअरमध्ये टाकून डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घातलं आणि गाडी थांबवली. उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या चाकातून धूर. चाकांना दगड लावले आणि दीड तास नुसतं बसून राहिलो. चाकावर पाणी ओतू दिलं नाही, तापलेलं लोखंड तडकतं. गाडीतल्या बायकांनी तेवढ्यात लाडू काढले आणि माझ्यावर गाणं रचलं. चूक माझी होती. त्या उतारावर पहिलाच गिअर हवा होता.

तुम्ही म्हैसूर-गुंडलुपेटकडून आलात तर गुडलूरचा रस्ता धरा. लांब पडतो पण रुंद आहे. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद, जनावरांसाठी. तेव्हा नाक्यावर उशिरा पोचून पोलिसाशी हुज्जत घालू नका. निलगिरी जिल्ह्यात शिरायला ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून तो सुरू झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात तर रोज सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार गाड्या अशी मर्यादाच घातली होती. पास फुकट आहे, घरून निघायच्या आधी काढा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या चेकनाक्यावर काढून घेतात. स्टीलची बाटली न्या.

प्रश्न : महाबळेश्वर जवळ असताना लोक एवढ्या लांब का मरायला जातात? — खेड

तुम्ही जाऊ नका.

प्रश्न : निलगिरी हे नाव निळ्या फुलांवरून पडलं असं वाचलं. ती फुलं आपल्याकडे आहेत का? आणि निलगिरीची झाडं तिथलीच ना? — शाळेतली विद्यार्थिनी, लांजा

बाळ, तू दोन प्रश्न विचारलेस आणि दोन्हींची उत्तरं उलटी आहेत.

निलगिरीचं झाड तिथलं नाहीच. ते ऑस्ट्रेलियाचं, इंग्रजांनी जळणासाठी लावलं. डोंगरभर इतकं पसरलं की आपण मराठी माणसांनी डोंगराचंच नाव झाडाला दिलं. सर्दी झाली की आई रुमालावर जे निलगिरीचं तेल टाकते, ते त्या ऑस्ट्रेलियन पाहुण्याचं. मूळचं जंगल निराळं. दऱ्यांच्या खोबणीत बुटकी, गच्च झाडी, तिला शोला म्हणतात, आणि वरच्या पठारावर उघडं गवत. ते गवत माळरान समजून त्यावर झाडं लावली गेली आणि पाण्याचं गणित बिघडलं.

आणि फुलं म्हणशील तर ती तुझ्या घरामागे असतील! नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते. मुन्नारकडे २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली, आता २०३० ला. तिची सख्खी बहीण म्हणजे आपली कारवी. तीही वर्षानुवर्षं नुसती पानं घेऊन बसते आणि सात-आठ वर्षांनी सगळी एकदम जांभळी होते, बी टाकते आणि मरते. आजोबांना विचार, त्यांच्या लहानपणी कुडाच्या भिंती कशाच्या होत्या. कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचा लेप. आपण तिच्या भिंती केल्या, तिकडे तिच्या बहिणीवरून डोंगराचं नाव पडलं म्हणतात.

प्रश्न : चार दिवसांत कुन्नूर वेगळं करावं का? कुन्नूर म्हणजे छोटं उटीच ना? — कणकवली

नव्हे. मला विचाराल तर मुक्काम कुन्नूरला करा आणि उटी दिवसाची करून या. चारशे-पाचशे मीटर खाली, थंडी सोसवेल अशी, गर्दी कमी. सिम्स पार्क १८७४ चं, दरीत उतरत जाणारं. चहाचे मळे अगदी दाराशी येतात. एखाद्या लहान कारखान्यात चहा कसा होतो ते पाहा. पानं रात्रभर सुकवतात, मग पिळतात, मग पसरून ठेवतात तेव्हा हिरव्याचा तांबूस रंग होतो, आणि मग भट्टी. त्या पिळण्याच्या खोलीत शिरलात की ओल्या गवताचा नि कापलेल्या सफरचंदाचा मिळून वास येतो, तो पाकिटात कधीच येत नाही.

आणि कुन्नूरला जाता-येता बर्लियारला थांबाच. मेट्टुपालयम-कुन्नूर रस्त्यावर, घाटात. रस्त्याकडेला फळांच्या टोपल्या असतात. आमच्या नेरूरची एक आजी मे संपता संपता माझ्या गाडीत होती, घरी आमसुलं वाळत घालून आलेली. तिने टोपलीतलं जांभळ्या सालीचं फळ उचललं, नखाने देठाकडून दाबलं, साल चुरली, आत पांढऱ्या पाकळ्या. एक तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “अरे, ह्यो तर रातांबोच! पण ह्येका आंबट कित्याक नाय?” ते मँगोस्टीन. आणि आजी शंभर टक्के बरोबर होती, कोकम आणि मँगोस्टीन एकाच कुळातले, दोन्ही गार्सिनिया. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने सालीवरून ओळखलं. नंतर तिने साली फेकू दिल्या नाहीत, फडक्यात बांधून घरी नेल्या, वाळवून आमटीत घालून पाहते म्हणाली. आमटी कडू झाली, असं पुढच्या गणपतीत भेटली तेव्हा सांगितलं.

प्रश्न : येताना काय आणावं? मसाल्याची पाकिटं चांगली मिळतात म्हणे. — देवगड

ताई, ज्यांच्या परसात जायफळ आणि दालचिनी उभी आहे त्यांनी उटीहून मसाला आणणं म्हणजे समुद्राला मीठ. चॉकलेटं आणा, पोरांसाठी, जास्त नको, शोरनूरपर्यंत निम्मी पातळ होतात. चहा आणा, पण कारखान्यातून, पानांचा, भुकटीचा नव्हे. आपल्यासारखा दुधात उकळू नका, गरम पाण्यात तीन मिनिटं आणि गाळून घ्या. न आवडला तर मला शिव्या द्या. गाजरं आणा, उटीची गाजरं खरंच गोड असतात, चार दिवस टिकतात.

आणि वर्की आणा. पापुद्र्यांचं खारट-गोड बिस्कीट, चहात बुडवून खायचं, आपल्या खारीचा डोंगरातला मावसभाऊ. बेकरीतून सकाळी गरम निघतं तेव्हा घ्या, वास तूपकट असेल तरच, जुनाट तेलाचा आला तर पुढच्या दुकानात जा. २०२३ मध्ये त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. पुडा बर्थखाली ठेवू नका. मी दोनदा ठेवला, दोनदा घरी भुगा पोचला. मांडीवर घेऊन बसा.